मातीची गाडी आणि अंगणातली शाळा

शूद्रकाचे 'मृच्छकटिक' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. आणि देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणल्यापासून न वाचलेल्यांनाही ते परके राहिलेले नाही. चारुदत्त आणि वसंतसेना यांची प्रेमकथा म्हणून आपण ते पाहतो. पण त्या नाटकाला नाव मिळाले आहे ते एका खेळण्यावरून, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहानगा मुलगा रोहसेन रडत आहे. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीने तो खेळला होता. ती गाडी शेजाऱ्यांनी परत नेली, आणि आता रदनिका दासीने करून दिलेली मातीची गाडी त्याला नको आहे. वसंतसेना हे पाहते, तिला भरून येते, आणि अंगावरचे दागिने उतरवून ती त्या मातीच्या गाडीत भरते. यातून सोन्याची गाडी करून घे, असे त्या मुलाला सांगते. पुढे याच दागिन्यांपायी चारुदत्त वधस्तंभापर्यंत जातो, हे आपण जाणताच.

प्रसंग उज्जयिनीचा खरा. पण विरारच्या एखाद्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो आजही घडतो. शेजारच्या मुलाकडे बॅटरीवर पळणारी मोटार येते, आपले मूल हट्ट धरते, आणि दमून घरी आलेल्या आईबापांपुढे प्रश्न उभा राहतो: मुलाच्या हाती द्यावे तरी काय? काय विकत आणावे, काय आणू नये, आणि आणलेल्या वस्तूंनी मूल नुसते रमावे की काही शिकावेही? हा प्रश्न घरगुती वाटतो, इतिहासाच्या व्याख्यानाला शोभेसा वाटत नाही. परंतु या प्रश्नालाही इतिहास आहे. आणि आपण वसईकरांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट ही की, त्या इतिहासातील एक फार महत्त्वाचे पान आपल्याच जिल्ह्यात, येथून रेल्वेने दोन तासांच्या आत गाठता येईल अशा गावी लिहिले गेले. ते पान आज आपल्यापुढे उलगडावे, असा माझा विचार आहे.

प्रथम जुन्या घराकडे पाहू. वसईच्या वाड्यांतून, आगाशी-निर्मळच्या बाजूला, घरापुढे अंगण असे, परसात माड आणि केळी असत. मुलांच्या खेळण्यांचे दुकान हेच. चिंचोके, सागरगोटे, करवंट्या, माडाच्या झावळ्या, समुद्रावरचे शंखशिंपले. आणि विकतचे म्हणून काय, तर निर्मळच्या कार्तिकी यात्रेत मिळालेले एखादे भिरभिरे किंवा पिपाणी. ही आठवण गोड आहे. पण तिच्यात वाहून जाऊ नये. त्या काळी मूल अंगणात शिकते आहे असे कोणी मानीत नसे. खेळ म्हणजे रिकामपण, शिक्षण म्हणजे पंतोजीची छडी आणि घोकंपट्टी, अशी सरळ वाटणी होती. मुलीची भातुकली तर पुष्कळदा फार लवकर खरी होई. ज्यांच्याविषयी मला पुढे बोलावयाचे आहे त्या अनुताई वाघ १९१० साली जन्मल्या, तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत त्या विधवा झाल्या. भातुकली मांडण्याच्या वयात वैधव्य, हेही त्या जुन्या अंगणातलेच चित्र आहे. तेव्हा अंगण चांगले, म्हणून त्या अंगणातले सारेच चांगले असे म्हणता येणार नाही.

खेळ हेच लहान मुलाचे शिक्षण होय, हा विचार पद्धतशीरपणे मांडला तो युरोपात. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली व पुढे तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. मुलांना द्यावयाच्या वस्तूंचा त्याने क्रम लावला: आधी रंगीत लोकरीचे मऊ चेंडू, मग लाकडाचा गोल, घन आणि नळकांडे. यानंतर सत्तर वर्षांनी, ६ जानेवारी १९०७ रोजी, रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत डॉक्टर मारिया माँटेसरी यांचे 'बालगृह' उघडले. माँटेसरीबाई वैद्यकीय पदवीधर. मुलाकडे त्या निरीक्षकाच्या नजरेने पाहत. त्यांच्या साहित्यातली युक्ती समजावून घेण्यासारखी आहे. लाकडाच्या एका ठोकळ्यात दहा खाचा, आणि दहा दट्ट्ये. प्रत्येक दट्ट्या आपल्याच खाचेत बरोबर बसतो. मुलाने चूक केली तर शेवटचा दट्ट्या उरतो आणि खाच उरते; मुलाला आपली चूक आपणच कळते. मोठ्यांनी 'चुकलास' म्हणण्याचे कारणच राहत नाही. दुसरे साधन दहा दांड्यांचे: पहिली दहा सेंटिमीटरची, दुसरी वीस, आणि अशी वाढत दहावी एक मीटरची. ओळीने लावता लावता मूल लांबी शिकते, आणि लांबीतून संख्या शिकते. येथे शिक्षक मागे सरतो आणि वस्तू बोलू लागते. माँटेसरींच्या शोधाचे मर्म मला यात दिसते.

हा विचार आपल्या बाजूला आणला तो एका वकिलाने. गिजुभाई बधेका हे काठेवाडातले. १८८५ साली जन्मलेले. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला, आणि या मुलाला वाढवावे कसे या विचाराने वकिलाला शिक्षक केले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले. मिशा असलेली आई, या अर्थाचे 'मूछाळी मा' हे लाडके नाव लोकांनी त्यांना दिले, यावरून त्यांचा स्वभाव कळावा. येथेच ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १८९२ साली जन्मलेल्या, १९१४ च्या पदवीधर, राजकोटच्या स्त्री-अध्यापन संस्थेच्या प्रमुख झालेल्या या बाई त्या काळी स्त्रीला सहजासहजी न मिळणारे पद सोडून तीन-तीन वर्षांच्या मुलांत येऊन बसल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईस दादरला शिशुविहार सुरू केला. आणि मध्यमवर्गीय मराठी घरांतून 'बालमंदिर' हा शब्द रुळू लागला.

परंतु येथे एक अडचण होती, आणि ती लहान नव्हती. माँटेसरींचे साहित्य महाग. ते मोजमापाने तयार करावे लागे. त्याला चांगले लाकूड, कुशल कारागीर, स्वतंत्र खोली आणि शिकलेली शिक्षिका लागे. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत हिंदुस्थानात येईपर्यंत श्रीमंतांची झाली होती. १९३१ च्या ऑक्टोबरात गांधीजी लंडनमध्ये माँटेसरींच्या अध्यापनवर्गात गेले होते. तेथेही त्यांनी हीच आशा बोलून दाखविली की, हे शिक्षण सुखवस्तू मुलांपुरते न राहता कंगालांच्या मुलांनाही लाभावे. आशा योग्य होती. पण ती खरी करून दाखवावयाची कोणी, आणि कोठे?

उत्तर मिळाले बोर्डीला. सन १९४५. घोलवड स्टेशनाजवळचे हे समुद्रकाठचे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. आचार्य भिसे यांच्या शैक्षणिक कार्यामुळे बोर्डीचे नाव आधीच झालेले होते. ताराबाई त्या वेळी त्रेपन्न वर्षांच्या होत्या. मुंबईतील जमलेले काम, नाव, सोय हे सारे सोडून त्यांनी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले. त्याच वर्षी बोरिवलीस कस्तुरबा ट्रस्टचे शिबिर भरले होते. तेथे अनुताई वाघ त्यांना भेटल्या आणि त्यांच्याबरोबर गेल्या. ती सोबत ताराबाईंच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९७३ पर्यंत, टिकली. मनात ठेवण्याजोगे आणखी एक म्हणजे, याच १९४५ साली तलासरी, डहाणू आणि उंबरगावच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबावे लागणाऱ्या 'लग्नगडी' पद्धतीविरुद्ध उठाव केला होता. ज्या मुलुखात बाप गुलामीतून सुटण्यासाठी झगडत होता, त्याच मुलुखात या दोन बाया त्याच्या मुलाच्या हाती शिंपले देत बसल्या होत्या. कोणाला ही दोन कामे परस्परांपासून फार दूरची वाटतील. मला तसे वाटत नाही. स्वतः निवडण्याची आणि स्वतःची चूक स्वतः सुधारण्याची सवय ज्या मुलाला लागली, त्याला पुढे कोणाचा लग्नगडी करणे सोपे जात नाही.

आता तेथे घडले काय ते पाहा. बालवाडी उघडली, पण ज्या वस्त्यांतील मुलांसाठी ती उघडली ती मुले येईनात. कोणाला लहान भावंड सांभाळावयाचे, कोणाच्या अंगावर कपडा नाही, कोणाच्या आईबापांना शाळा म्हणजे आपल्यासाठी नव्हे अशी खात्री. शहाण्या माणसाने अशा वेळी पालकांच्या अज्ञानावर एक लेख लिहिला असता. ताराबाई आणि अनुताई उठल्या आणि वस्तीत गेल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यावयाचे, मुलांना आंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. या अंगणातल्या बालवाडीला ताराबाईंनी नाव दिले 'अंगणवाडी'. आज देशभर सरकारी कागदोपत्री वावरणारा हा शब्द आपल्या जिल्ह्यातल्या मातीत असा जन्माला आला.

आणि साहित्य? दट्ट्यांचे ठोकळे तेथे कोठून येणार? पण समुद्र जवळ होता, झाडे होती. शिंपले, शंख, बिया, खडे, पाने, काटक्या, माती, यांतून त्यांनी साहित्य उभे केले. शिंपल्यांची आकारमानाने ओळ लावा, बियांच्या जाती वेगळ्या करा, पाने पाहून झाड ओळखा, खडे मोजा, मातीची भांडी करा. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीच्या अधिक जवळ, गेले. तेथे नवा प्रश्न आला. मोठी मुले गुरे चारावयास रानात जात. मग शिक्षक गुरांमागे कुरणात गेले, आणि 'कुरणशाळा' निघाली. मुली कडेवर भावंड घेऊन येत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदतील अशी 'विकासवाडी' झाली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. अनुताईंनी १९९२ मध्ये देह ठेवला, तोपर्यंत त्यांचे नाव कोसबाडशी जडूनच गेले होते.

येथे कोणी शंका काढील, आणि ती मोलाची आहे. महागडे साहित्य परवडत नव्हते म्हणून शिंपले वापरले. ही गरिबीतली तडजोड झाली, तिचा एवढा गौरव कशाला? शंका अगदीच पोकळ नाही. माँटेसरींचा दट्ट्या चूक दाखवितो. शिंपला ती दाखवीत नाही. शिंपल्यांचा ढीग मुलापुढे ओतला म्हणजे शिक्षण झाले, असे ताराबाईही म्हणाल्या नसत्या. ढिगाला क्रम लावावा लागतो, निवड करावी लागते. कोणाच्या हाती कोणत्या दिवशी काय द्यावयाचे हे मुलाकडे पाहून ठरवावे लागते. म्हणजे कारागिराने लाकडात जी अक्कल ओतली होती, ती येथे शिक्षिकेने आपल्या नजरेतून भरून काढली. बोर्डीने स्वस्त साहित्य शोधले हे खरे. पण त्याहून मोठे म्हणजे, साहित्याचे मोल त्याच्या किमतीत नसून ते मांडणाऱ्या माणसाच्या लक्षात आहे, हे सिद्ध करून दाखविले. पैसा वाचला, पण श्रम वाढले. हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. कारण घरी हे करू पाहणाऱ्या आईबापांना पहिली अडचण येणार ती हीच.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. पोषण, लसीकरण, तपासणी यांचे केवढे तरी काम तेथे होते. परंतु शब्द प्रवास करतो तेव्हा त्याचा अर्थ वाटेत थोडा सांडतो. आज वसईच्या सुशिक्षित घरात 'अंगणवाडी' म्हटले की डोळ्यांपुढे खिचडी आणि वजनकाटा येतो; आपल्या मुलाशी त्याचा काही संबंध आहे असे वाटत नाही. आपण त्याच वयाच्या मुलासाठी हजारो रुपये भरून तयार पेट्या आणि खेळण्यांचे संच आणतो, आणि पुष्कळदा त्यांत आढळतात ते वर्गीकरणाचे, ओळी लावण्याचे तेच खेळ, जे बोर्डीला शिंपल्यांनी खेळले जात होते. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' आणला. त्याच्यामागचा खेळातून शिकण्याचा विचारही या जिल्ह्याला नवा नव्हे. गरिबाच्या अंगणातून निघालेली गोष्ट आपण दुकानातून परत विकत घेत आहोत, आणि ती आपलीच होती याचा आपल्याला पत्ता नाही.

मग आपण करावयाचे काय? वसई-विरारमध्ये अंगणे आता थोडी उरली. आपण सदनिकांत राहतो, पहाटेची लोकल पकडतो. तरीही मला वाटते, बोर्डीचा धडा दोन खोल्यांतही गिरविता येतो.

स्वयंपाकघरात जा. स्टीलच्या डब्यांचा संच प्रत्येक घरी आहे. आठ डबे आणि आठ झाकणे मुलापुढे ठेवा. ज्याचे झाकण त्यालाच बसते. चुकले तर शेवटचे बसत नाही. माँटेसरींचा ठोकळा आपल्या फळीवरच होता! डबे एकात एक घालणे, उतरंड रचणे हे त्याच्यापुढचे पाठ. झाडूसाठी काढलेले माडाचे हीर घ्या. पहिला चार बोटे लांबीचा, दुसरा आठ, तिसरा बारा, असे दहा तुकडे करा. टोके बोथट करून घ्या. दहा दांड्यांचे साधन तयार झाले, आणि खर्च काहीच नाही. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर रविवारी गेलात तर एक पिशवी शिंपले आणा. पण घरी आल्यावर मुलाबरोबर अर्धा तास बसा. हा अर्धा तास हेच खरे खेळणे आहे.

बाजाराला जाताना मुलाला घरी ठेवू नका. पापडीच्या किंवा आगाशीच्या बाजारात केवढी शाळा भरलेली असते! केळ्यांची फणी आणि डझन यांत फरक काय, मावशी मासळीचा वाटा कसा लावतात, तराजूचे पारडे कोणत्या बाजूला झुकले, सुट्टे किती परत आले. पाच वर्षांच्या मुलाला एक वस्तू स्वतः निवडू द्या, स्वतः पैसे देऊ द्या, हलकी पिशवी त्याच्या हाती द्या. उशीर होईल, दोन टोमॅटो दबतील. त्याची चिंता करू नये.

विकत आणूच नये असे मात्र मी म्हणत नाही. चेंडू आणावा, लाकडी ठोकळे आणावेत, खडू आणि चित्रांची पुस्तके आणावीत, सावंतवाडीची लाकडी फळे आणावीत. दुकानात एकच प्रश्न स्वतःला विचारावा: या वस्तूने काम कोण करणार, मूल की बॅटरी? जी वस्तू सर्व काही आपणच करते, ती मुलाला केवळ प्रेक्षक करते. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानकाचे आय.एस.आय. चिन्ह असणे कायद्याने आवश्यक झाले आहे. ते पाहून घ्यावे. तसेच घरच्या साहित्यालाही धोका असतो हे विसरू नये. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोके, मणी किंवा लहान खडे एकट्याने देऊ नयेत, ते घशात अडकतात. लाल-काळी गुंज दिसावयास सुंदर, पण विषारी. ती खेळात नकोच. घड्याळातील बटणासारखे सेलही दूर ठेवावेत. आणि मोबाइल? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, वर्षाच्या आतल्या बालकाला पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. त्याहून कमी असेल तर उत्तमच.

हे सर्व आईच्याच गळ्यात पडू नये, हेही सांगितले पाहिजे. गिजुभाईंना लोकांनी 'आई' म्हटले ते उगाच नव्हे. सायंकाळी घरी आलेल्या बापाने झाकणे लावण्याच्या खेळात दहा मिनिटे बसावे. त्याच्या प्रतिष्ठेला काही बाध येत नाही.

श्रोतेहो, पुन्हा रोहसेनाकडे येऊ. वसंतसेनेने त्याच्या गाडीत सोने भरले. तिच्या वात्सल्याला आपण नमस्कार करू. पण शूद्रकाने नाटकाला नाव सोन्याच्या गाडीचे दिले नाही, मातीच्या गाडीचे दिले. मला नेहमी वाटते की, रदनिकेने ती गाडी करताना रोहसेनाला जवळ बसविले असते, त्याचेही हात मातीत माखू दिले असते, चाके त्याच्याकडून वळवून घेतली असती, तर शेजारची गाडी त्याला इतकी मोठी वाटली असती का? बोर्डीच्या त्या अंगणात ताराबाईंनी आणि अनुताईंनी केले ते एवढेच. माती मुलाच्या हाती दिली, आणि त्या शेजारी बसून राहिल्या. आज घरी गेल्यावर आपल्या मुलाजवळ आपणही थोडे बसावे, इतकीच आपणा सर्वांना विनंती करून मी आपली रजा घेतो.